"हाड मोडलेलं नाही" म्हणून सव्वादोन लाख. भाजलेल्या हाताची तडजोड करावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बहिणीच्या अपघाताबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, पण सगळं लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

बहीण ३१ वर्षांची. कराडजवळ राहते, ब्लाऊज शिवते. १८ मे २०२५, रविवार. साताऱ्याचं लग्न उरकून मामांच्या गाडीतून परत येत होती. मामा चालवत होते, ही शेजारी बसलेली. उंब्रजच्या अलीकडे डावीकडचा ट्रक इशारा न देता उजवीकडे आला आणि गाडी दुभाजकावर जाऊन आपटली. दाराचा पत्रा आणि काच लागून हिचा डावा गाल कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत फाटला. तेवढ्यात डॅशबोर्डखालून जाळ यायला लागला. हिचं दार उघडलं होतं, ती बाहेर पडू शकत होती. पण मामांचा पट्टा अडकला होता. उजव्या हातानं तो पट्टा सोडवत राहिली. मामांचं खरचटण्यावर भागलं. हिचा हात मागच्या बाजूनं, अंगठा आणि मनगटाच्या वर चार बोटं, असा भाजला.

दवाखान्यात १९ दिवस. गालाला ३४ टाके. मांडीची कातडी काढून हातावर लावली. बिल ३,४०,००० झालं, त्यातले दीड लाख दाजींच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून मिळाले, बाकीचे उसनवारीनं. ट्रकवाल्यावर गुन्हा दाखल आहे. कोर्टात दावा अजून टाकलेला नाही.

आता ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. बोलायला नम्र आहे. म्हणतो, येत्या लोकअदालतीत २,२५,००० घेऊन मिटवून टाका. त्याचं म्हणणं असं की हाड मोडलेलं नाही, बोट गेलेलं नाही, जखमा भरल्यात, शिवणकामाच्या कमाईला कागद नाही आणि मेडिक्लेमचे दीड लाख तर वजाच होणार. एका खाजगी डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलंय, उजव्या हाताचं १८ टक्के अपंगत्व. तो म्हणतो १८ टक्क्याला काय येतं.

पण मी रोज बघतोय. तिचा अंगठा पूर्ण उघडत नाही, त्यामुळे कात्री धरता येत नाही. मशीन पायानं चालतं, पण कापड बेतायचं कसं? कटोरीचं कटिंग शेजारच्या मुलीकडून करून घेते आणि निम्मे पैसे तिला देते. हुक-काज आई करते. दिवाळी आठवड्यावर आली आणि मशीनशेजारी कापडांचा ढीग नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. घरातला आरसा तिनं काढून कपाटाच्या आत ठेवलाय. कोर्टात चारचौघांत गाल दाखवावा लागेल म्हणून "दादा, घेऊन टाक ते पैसे" म्हणते.

काय करावं? १८ टक्के म्हणजे नक्की किती? आणि चेहऱ्यावरच्या व्रणाचं काही मिळतं का?

---

माळावरचा

वाईट वाटलं वाचून. ताईंनी मामांसाठी जे केलं त्याला तोड नाही. पण मी म्हणेन घेऊन टाका. आमच्या चुलत्यांचा दावा पाच वर्षं चालला, प्रत्येक तारखेला एक दिवसाचा रोज बुडायचा. हातात आलेले पैसे खरे. उसनवारी तरी फिटेल.

---

निशिगंध

कृष्णाकाठ, हे पैसे घेऊ नका. माळावरचा यांचा हेतू चांगला आहे, उसनवारीचा काच मलाही माहीत आहे, तरीही सांगते की घेऊ नका. मी घेतले होते.

२०१६ साली मी २७ वर्षांची होते, मिरजेजवळ एका खाजगी बालवाडीत शिकवायचे. शाळेतून येताना आमच्या वडापच्या जीपला समोरून टेम्पो धडकला. मी ड्रायव्हरशेजारी होते. पुढचा पत्रा आत आला, रेडिएटर फुटला आणि ते उकळतं पाणी माझ्या मानेवर, हनुवटीखाली आणि उजव्या दंडावर आलं. कपाळात काच घुसली. हाड एकही मोडलं नाही. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, शब्दसुद्धा बदललेले नाहीत: "हाड शाबूत आहे, नशीब समजा."

तिसऱ्या महिन्यात अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेतलं. तेव्हा मान सगळ्या बाजूंना वळत होती, म्हणून त्यांनी फार थोडे टक्के लिहिले. सातव्या महिन्यात १,७५,००० वर लोकअदालतीत सही केली. वडिलांना घाई होती. माझं लग्न ठरलेलं होतं, आणि कोर्टकचेरी चालू आहे हे समोरच्यांना कळू नये असं त्यांना वाटायचं. सही करताना मी पदर मानेभोवती गुंडाळून बसले होते. कोणी माझ्याकडे नीट बघितलंही नाही, आणि मला तेव्हा त्याचंच बरं वाटलं.

त्यानंतर कातडी आकसायला लागली. भाजलेली जखम वरून भरते, पण आत तिचं काम चालूच असतं. दहाव्या महिन्यात हनुवटी खाली ओढली जायला लागली. आकाशाकडे बघता येईना, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिता येईना. अकराव्या महिन्यात केस विंचरताना कपाळातून काचेचा तुकडा बाहेर आला, तांदळाच्या कणीएवढा. पहिलं ऑपरेशन २०१७ मध्ये, दुसरं २०१९ मध्ये. दोन्हींचा खर्च वडिलांनी गुंठाभर जागा विकून केला. वकिलांकडे गेले तर ते म्हणाले, लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही आणि तोच दावा पुन्हा उघडता येत नाही. लग्न मोडलं होतंच.

तुमच्या बहिणीला आता पाच महिने झालेत. व्रण लाल, फुगलेला आणि कडक असेल, रात्री खाजत असेल. असा व्रण स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आज तिच्या अंगठ्याची जी स्थिती आहे ती पुढच्या मे महिन्यात सुधारलेली असेल किंवा आणखी आवळलेली असेल, कोणताही डॉक्टर आज खात्रीनं सांगू शकणार नाही. मग आजच्या १८ टक्क्यांवर आयुष्यभराचा हिशेब कसा मिटवायचा? कंपनीला घाई आहे. तुम्हाला नको.

आता करायच्या गोष्टी. फोटो काढा, आणि दर महिन्याला काढा. त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, हात टेबलावर ठेवून शेजारी पट्टी ठेवून. अंगठा जास्तीत जास्त उघडल्यावर किती उघडतो त्याचा एक, मूठ आवळल्यावरचा एक. गालाचा एक समोरून, एक हसताना, कारण टाक्यांचा व्रण हसताना ओढतो तो साध्या फोटोत दिसत नाही. माझ्याकडे दवाखान्यातला एकसुद्धा फोटो नव्हता. आईनं काढू दिले नव्हते.

मांडीवर जिथून कातडी काढली तिथेही व्रण असणार. तो कुठल्याच कागदावर नसेल. डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि ताईंना माझ्याकडून सांगा, कोर्टात ज्या दिवशी साक्ष होते त्या दिवशी तेवढं एकदाच पुढं जायचं असतं. मी ते टाळलं. त्यानंतर बसमध्ये, लग्नात, बाजारात लोक बघायचे ते बघतच राहिले. तिथं बघणाऱ्यांनी मला काही द्यायचं नव्हतं. न्यायाधीशांनी बघितलं असतं तर त्यांनी ते लिहून ठेवलं असतं.

---

निशाणी_३

निशिगंधताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी २६ वर्षं सांगलीत एका वकिलांच्या ऑफिसात अपघाताचे दावे टंकले, आता निवृत्त आहे. मी वकील नाही. पण काही गोष्टी तुम्हाला आजच कळायला हव्यात.

सगळ्यात आधी मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून हे लागू आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. तुमचे सहा महिने १८ नोव्हेंबरला भरतात. मधे दिवाळीची सुट्टी आहे. म्हणजे सर्टिफिकेटसाठी थांबायचं, दाव्यासाठी नाही. दावा आत्ता टाकायचा, अपंगत्वाचा पुरावा साक्षीच्या वेळी द्यायचा. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, पाठवला असेल तर तोही अर्ज म्हणून धरता येतो, पण तो गेलाय का हे ठाण्यात विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. दावा राहत्या जिल्ह्यातही चालतो.

आता ते सव्वादोन लाख. ट्रकवाल्याची चूक सिद्ध न करताही, कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. चेहऱ्याची कायमची विद्रूपता ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतच आहे, हाड मोडो वा न मोडो. म्हणजे तो नम्र माणूस तुम्हाला सगळ्यात खालच्या पायरीपेक्षाही कमी देतोय. आणि हेही ध्यानात ठेवा की कंपनीकडून १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. "हे आधी घ्या, बाकीचं नंतर बघू" असं कोणी म्हटलं तर सही करू नका. गुन्ह्यात त्याच संहितेचं १२५(ब), म्हणजे गंभीर दुखापतीचं कलम, लावलंय का तेही बघा. नुसतंच साध्या दुखापतीचं १२५(अ) असेल तर दुखापतीचा दाखला तपास अधिकाऱ्याला नेऊन द्या.

१८ टक्क्यांचं म्हणाल तर इथंच सगळी गोम आहे. डॉक्टर हाताचं अपंगत्व सांगतो. न्यायाधिकरणानं बघायचं असतं कमाईचं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उदाहरण देऊन सांगितलंय: डावा हात तुटला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच जात नाही. डॉक्टरी टक्के दोघांचे सारखे. तुमच्या बहिणीचा उजवा अंगठा कात्रीत जातो की नाही, हा तिच्या धंद्याचा प्रश्न आहे.

हिशेब करून दाखवतो. कमाई महिना १२,००० धरू. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३१ ला सरला वर्मा निकालाचा गुणक १६, म्हणजे वर्षाच्या आकड्याला १६ नं गुणायचं. कमाईतली घट १८ टक्के धरली तर ५,८०,६०८. तीच घट ३५ टक्के सिद्ध झाली तर ११,२८,९६०. दवाखान्याचं बिल, प्रवास, आहार, आई सांभाळते त्याचं, बुडालेले महिने, वेदना, चेहऱ्यामुळे जगण्यातलं जे गेलं ते, पुढची ऑपरेशनं, हे सगळं याच्यावर वेगळं. वर व्याज. एवढंच मिळेल असं मी म्हणत नाही, पण हिशेब कुठून सुरू होतो ते कळावं.

पुढच्या ऑपरेशनचं मात्र आत्ताच मागायचं. निकाल लागल्यावर परत जाऊन आणखी मागायची सोय कायद्यात नाही, नागप्पा निकालात (२००२) हे स्पष्ट आहे. त्याच निकालात असंही आहे की मागणीपेक्षा जास्त रक्कम द्यावीशी वाटली तर न्यायाधिकरण देऊ शकतं. प्लास्टिक सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या, किती शस्त्रक्रिया आणि अंदाजे खर्च. आणि डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल. नुसता कागद दिला तर उलटतपासणीत तो टिकत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचं सर्टिफिकेट घेतलेलं चांगलं.

मेडिक्लेमचे दीड लाख वजा होणार, हे खोटं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं मार्च २०२५ मध्ये निकाल दिलाय की स्वतःच्या मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम कापायची नाही. तिथं हप्ता दावेदारानं स्वतः भरलेला होता. तुमची पॉलिसी दाजींच्या कंपनीची आहे, तेव्हा ती वकिलांना दाखवा.

कंपनी उद्या म्हणेल मामांचीही चूक होती. म्हणू दे. बहीण गाडीत बसलेली होती, चालवत नव्हती. दोन वाहनांची चूक असली तरी बसणाऱ्याला पूर्ण रक्कम कुठल्याही एकाकडून मागता येते. तरी मामांच्या गाडीची पॉलिसी बघून ठेवा, वकील त्या विमा कंपनीलाही जाबदार (प्रतिवादी) करायला सांगतील.

कमाईला कागद नाही म्हणता, पण मापांची वही असेलच ना? नाव, तारीख, माप, शिलाई. ती वही पुरावा आहे. गिऱ्हाईक फोनवरून पैसे पाठवत असतील तर बँकेचा उतारा. अस्तर-हुकांच्या दुकानाची उधारीची पावती. दोन गिऱ्हाइकांची साक्ष. आमच्या ऑफिसात एका शिंप्याचा दावा होता, त्याची वही आम्ही निशाणी पाडून, म्हणजे कोर्टाच्या पुराव्यात नंबर देऊन, घेतली आणि कमाई मान्य झाली.

वकील टक्केवारीवर फी मागत असेल तर ते नियमात बसत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनीच मना केलंय. पैशांची अडचण असेल तर महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

---

फिजिओ_कोल्हापूर

मी भाजलेल्यांचे हात बघते, म्हणून एवढंच. तळहात आणि बोटं मिळून शरीराच्या साधारण १ टक्का धरतात. त्यामुळे केसपेपरवर "३ टक्के भाजले" असं काहीतरी लिहिलेलं असणार आणि वाचणाऱ्याला ते किरकोळ वाटणार. हाताच्या बाबतीत तो आकडा काहीच सांगत नाही.

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली कातडी आवळली की कात्री, किल्ली, लाटणं सगळं जातं. ताई दाबाचा हातमोजा घालतायत का? दिवसातून २३ तास, अंघोळ सोडून. रात्री अंगठा उघडा ठेवणारी पट्टी. बसवलेल्या कातडीला घाम आणि तेल सुटत नाही, म्हणून दिवसातून तीन-चारदा तेल चोळायचं, आणि उन्हात हात-गाल दोन्ही झाकायचे, नाहीतर डाग काळे पडतात. प्रत्येक भेटीला अंगठा किती अंशांत उघडतो ते मोजून तारखेसह लिहून घ्या. मी स्वतः अशा नोंदींवर दोनदा साक्ष दिली आहे. हातमोजा दर काही महिन्यांनी सैल पडतो आणि नवा शिवावा लागतो, त्याच्या पावत्याही जपा.

आणि दावा चालू आहे म्हणून व्यायाम सोडू नका. काहींना कोणीतरी तसा सल्ला देतं. गेलेला अंगठा पैशानं परत येत नाही.

---

माळावरचा

निशिगंधताई, मी घाईनं लिहिलं. १६४ चं मला माहीतच नव्हतं. कृष्णाकाठ, माझं ऐकू नका.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पूर्ण धागा बहिणीला वाचून दाखवला. निशिगंधताईंचं लिहिलेलं तिनं दोनदा वाचायला लावलं. मानेवरचं पाणी आणि फळ्याचा वरचा कोपरा, तिथं ती रडली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

आज सकाळी ठाण्यात जाऊन आलो. अहवाल अजून गेलेला नाही. गुन्ह्यात फक्त १२५(अ) आहे. दवाखान्यातून दुखापतीचा दाखला परवा मिळेल. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज दिला, सुट्टीच्या आत वकील नेमून देतो म्हणालेत. विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला होता, दावा टाकतोय एवढंच सांगितलं. रक्कम "थोडी वाढवून बघता येईल" म्हणाला.

मापांच्या वह्या निघाल्या. चार आहेत, २०१९ पासूनच्या. पहिल्या तिन्हींत तिचं अक्षर, चौथीत मेच्या मध्यापर्यंत तिचं आणि पुढं शेजारच्या मुलीचं. वकिलांना दाखवायला पिशवीत भरत होतो, तर म्हणाली थांब, आणि चौथी वही काढून घेऊन मुलीच्या अक्षरातल्या प्रत्येक नोंदीपुढं डाव्या हातानं लिहीत बसली, कटिंगचे किती दिले ते.

गालाचा फोटो मी काढतो म्हटलं तर नको म्हणाली. दुपारी तिनंच कपाटातला आरसा बाहेर काढला आणि खिडकीपाशी टेकवून ठेवला. पहिला फोटो तिनं स्वतः काढला आहे. पट्टी शेजारी ठेवून.